पाहिले ते सांगावे कसे?

संध्याकाळची वेळ आहे. गावाच्या पारावर चार म्हातारी माणसे बसलेली आहेत. तेवढ्यात रानाकडून एक गडी धापा टाकीत येतो आणि सांगतो, "ओढ्याच्या काठाला वाघ दिसला!" आता पारावरची मंडळी लगेच उठून पळतात का? मुळीच नाही. ती आधी विचारतात, "कुठं दिसला? ओढ्याच्या अल्याड का पल्याड? उजेड किती होता? पट्टे पाहिलेस का ठिपके? तरस तर नव्हतं ना रे?" गडी थोडासा चिडतो. पण उत्तरे देता देता त्याच्याच ध्यानात येते की, आपण पाहिला तो वाघ नव्हे, बिबट्या असावा. शिवाय सगळा जनावर काही आपण पाहिलाच नाही. शेपूट आणि पाठीमागचा भाग तेवढा दिसला. बाकीचा वाघ आपल्या मनाने भरून काढला!

श्रोतेहो, मी आज ज्या विषयावर बोलणार आहे तो हाच. वन्यजीवशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी काही महिने रानात काम करतात आणि मग आपल्या शिक्षकांपुढे व सहाध्यायांपुढे उभे राहून आपले संशोधन मांडतात. त्याला सेमिनार म्हणतात. आपण चर्चासत्र म्हणू. देहरादूनला १९८२ साली भारतीय वन्यजीव संस्था स्थापन झाली. तेथे हा विषय एम. एस्सी. पर्यंत शिकवला जातो. बंगळूरला राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातही तो शिकवला जातो. विद्यार्थ्याने पंधरा-वीस मिनिटे बोलावयाचे आणि मग प्रश्नांना तोंड द्यावयाचे, अशी साधारण रीत.

तुम्ही म्हणाल, देहरादूनच्या मुलांनी फळ्यापुढे काय सांगितले याच्याशी आम्हां शेतकऱ्यांचे काय देणेघेणे? देणेघेणे आहे. तेथे जे ठरते ते पुढे सरकारी निर्णयात उतरते, आणि तो निर्णय एक दिवस तुमच्या उसाच्या फडापर्यंत येऊन पोहोचतो. तो कसा, ते मी पुढे सांगणारच आहे.

ही प्रथा आपल्याकडे नवी नाही. १५ सप्टेंबर १८८३ या दिवशी मुंबईत आठ गृहस्थ एकत्र आले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. त्या आठांत दोन आपले होते. एक डॉ. आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. भायखळ्याच्या संग्रहालयात, ज्याला आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो, तेथे ही मंडळी जमत. कुणी पक्षी आणावा, कुणी साप आणावा, कुणी नुसते टिपण आणावे आणि आपण काय पाहिले ते इतरांपुढे ठेवावे, असा क्रम होता. पुढे १८८६ पासून त्यांचे नियतकालिकही निघू लागले. म्हणजे पाहिलेले चारचौघांत मांडावे आणि ते तपासून घ्यावे, ही चाल आपल्या मुंबईत सव्वाशेहून अधिक वर्षांपासून आहे.

आता मांडावयाचे कसे? मी स्वतः भाषेचा अध्यापक. प्राणिशास्त्र मला येत नाही. पण अशा एका चर्चासत्रात श्रोता म्हणून बसण्याचा योग मला आला होता, आणि त्या दिवशी जे शिकलो ते वर्गात पुष्कळ वर्षे शिकवूनही मला उमगले नव्हते.

एक विद्यार्थिनी बोलावयास उभी राहिली. विषय होता बिबट्याच्या आहाराचा. बिचारी घाबरली होती. आठ महिने रान तुडवून जे जे जमविले ते सगळे वीस मिनिटांत सांगून टाकावे, असा तिचा बेत दिसत होता. जंगलाचा इतिहास झाला, झाडांची नावे झाली, पावसाचे आकडे झाले. घड्याळात दहा मिनिटे झाली तरी बिबट्याचा पत्ता नाही! शेवटी तिच्या गुरुजींनी हळूच विचारले, "बाई, तुमचा प्रश्न काय आहे?" ती थांबली, आणि एका वाक्यात म्हणाली, "या भागातला बिबट्या रानातली जनावरं जास्त खातो की गावातली?" त्या एका वाक्याबरोबर सभागृहातली माणसे सरसावून बसली.

ही झाली पहिली गोष्ट. प्रश्न एक असावा, आणि तो घरच्या माणसाला सांगता येईल इतका सोपा असावा. प्रश्न धड नसला की माहितीचा नुसता ढीग होतो. धान्याचा ढीग आणि भाकरी यांत जो फरक, तोच माहिती आणि संशोधन यांत.

दुसरी गोष्ट, कसे कळले ते सांगावे. बिबट्या काय खातो हे कळते कसे? तो काही पंगतीला बसत नाही. संशोधक त्याची वाळलेली विष्ठा गोळा करतात. खाल्लेल्या प्राण्याचे केस पचत नाहीत, ते विष्ठेतून बाहेर पडतात. ते केस धुऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की कुत्र्याचा केस कोणता, शेळीचा कोणता, हरणाचा कोणता, हे जाणकाराला ओळखता येते. पण येथेही एक मेख आहे. लहान प्राण्याच्या अंगावर मांसाच्या मानाने केस जास्त. म्हणून नुसते "इतक्या विष्ठांत उंदराचे केस सापडले" असे मोजले, तर बिबट्या उंदरांवरच जगतो असे वाटू लागेल. त्यासाठी हिशेब मांसाच्या वजनात करावा लागतो. आणि इतके करूनही एक गोष्ट केसांवरून कळत नाहीच. ते जनावर बिबट्याने मारले, की मेलेले खाल्ले? केस तेवढे सांगत नाही. जो संशोधक हे आपण होऊन सांगतो, त्याच्या बाकीच्या बोलण्यावर माणसांचा विश्वास बसतो.

अशा रीतीने काय हाती लागते पाहा. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा अभ्यास केला. तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. तेथे जंगल नावालाच, बाकी सारे ऊस आणि वस्त्या. बिबट्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के भाग पाळीव व गावातल्या प्राण्यांचा निघाला, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के. शेळ्यांचा अवघा ११ टक्के, आणि शेळ्या तर त्या भागात कुत्र्यांच्या सातपट! शेळीच्या मागे राखणारा माणूस असतो, रात्री ती गोठ्यात असते. कुत्रा मोकळा फिरतो. गावात उकिरडे वाढले की कुत्री वाढतात, आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो. हे कळल्यावर बंदोबस्ताचा विचारही वेगळ्या दिशेने करता येतो, नाही का?

तिसरी गोष्ट, डोळ्यांनी पाहिले ते एका बाजूला ठेवावे आणि मनाने जोडले ते दुसऱ्या बाजूला. याचे मला फार आवडणारे उदाहरण आपल्याच अलिबाग तालुक्यातले आहे. सुगरण पक्ष्याचे घरटे आपण सर्वांनी पाहिले आहे. 'सुगरण' हा शब्द स्त्रीलिंगी. त्यामुळे मादीच घर विणते, असे आपण धरून चालतो. १९३० च्या पावसाळ्यात सालिम अली किहीमला राहिले होते. शिडीवर आडोसा करून ते त्यात तासन् तास बसत आणि कोणत्या घरट्यात काय घडते ते टिपून ठेवीत. त्यांना दिसले ते असे, की विणतो तो नर. तो अर्धे घर विणून थांबतो. माद्या येऊन घरे पाहतात. एखादीला घर पसंत पडले की ती तेथे राहते, मग नर ते पुरे करतो; ती अंडी घालते, आणि हा पठ्ठ्या दुसरे घर विणावयास घेतो, दुसऱ्या मादीसाठी! भाषेने एक सांगितले होते, डोळ्यांनी दुसरेच दाखविले. भाषेचा मास्तर म्हणून मला हे कबूल केलेच पाहिजे.

चौथी गोष्ट आकड्यांची. आकडा सांगताना तो किती पक्का आहे हेही सांगावे. हे जरा समजावून सांगतो. तुमच्या गावच्या तळ्यात मासे किती, हे तळे न उपसता कसे काढाल? जाळे टाकून ५० मासे धरा, त्यांना खूण करा आणि सोडून द्या. चार दिवसांनी पुन्हा जाळे टाका. समजा, ४० मासे मिळाले आणि त्यांत खुणेचे १० निघाले. म्हणजे दर चारांत एक खुणेचा. तर मग आपले ५० हे साऱ्या तळ्याचा चौथा हिस्सा असणार. तळ्यात सुमारे २०० मासे. पण त्याच जाळ्यात खुणेचे १० ऐवजी ८ आले असते तर? उत्तर २५० आले असते. १२ आले असते तर १६७. एक-दोन माशांच्या फरकाने हिशेब एवढा हलतो! म्हणून शहाणा माणूस "दोनशे मासे आहेत" असे म्हणत नाही. "सुमारे दोनशे, पण दीडशे ते अडीचशेच्या दरम्यान कितीही असू शकतील" असे म्हणतो. त्याशिवाय मधल्या चार दिवसांत तळ्यात मासे आले-गेले नाहीत आणि कुणाची खूण पुसली नाही, हेही त्यात गृहीत आहे. ते सांगावयास हवे.

वाघ-बिबटे मोजण्याची आजची रीत याच तत्त्वावर चालते. वाघाला खूण करावी लागत नाही. ती त्याला देवानेच करून ठेवली आहे. एका वाघाचे पट्टे दुसऱ्यासारखे नसतात. बिबट्याच्या ठिपक्यांचेही तसेच. पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे लावतात. दोन्ही बाजूंना अशासाठी, की जनावराच्या डाव्या कुशीची नक्षी उजवीसारखी नसते. मग कोणता वाघ किती वेळा पुन्हा आला यावरून हिशेब मांडतात.

पूर्वी ही मोजणी पावलांच्या ठशांवरून होत असे. ठसा काचेवर गिरवून घ्यावयाचा आणि त्यावरून प्रत्येक वाघ ओळखावयाचा. पण एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा, वाळूत वेगळा, चालताना वेगळा, पळताना वेगळा. जाणकारांनी ही शंका काढली होती. पण कागदावर ठाम आकडा येत होता, म्हणून तिच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही. राजस्थानात सरिस्का येथे व्याघ्रप्रकल्प आहे. तेथे कागदावर वर्षानुवर्षे वीसहून अधिक वाघ होते. २००४ च्या मोजणीतही सोळा ते अठरा वाघ नोंदले गेले. आणि २००५ साली नीट शोध घेतला तेव्हा तेथे एकही वाघ शिल्लक नव्हता. शिकाऱ्यांनी ते केव्हाच संपविले होते. देशभर खळबळ उडाली, केंद्र सरकारने चौकशीसाठी कृतिदल नेमले, आणि मोजणीची पद्धत बदलली. २००६ च्या मोजणीचा आकडा १,४११ जाहीर झाला. पण त्याबरोबर तो १,१६५ ते १,६५७ यांच्या दरम्यान असेल, हेही सांगितले गेले. २०२२ च्या मोजणीत सरासरी आकडा ३,६८२ आला. त्यालाही खालची आणि वरची मर्यादा दिलेली आहे. सरिस्कात वाघ बंदुकीने आणि सापळ्याने मेले हे खरे. पण त्या ठाम आकड्याला "कसे मोजले?" असे जर कुणी वेळीच नेटाने विचारले असते, तर काही वाघ वाचले असते असे मला वाटते.

आता त्या विद्यार्थिनीकडे परत वळू. तिचे बोलणे संपले आणि प्रश्न सुरू झाले. मागच्या रांगेत एक वयस्क वनरक्षक बसले होते. रानात तिच्याबरोबर हिंडलेले. ते संकोचत उठले आणि म्हणाले, "ताई, पावसाळ्यात तर विष्ठा एका दिवसात वाहून जाते, नाहीतर शेणकिडे नेतात. मग पावसाळ्यात बिबट्या काय खातो, ते तुम्हाला कसं कळलं?"

सभागृह गप्प झाले. त्या मुलीच्या निष्कर्षात वाक्य होते, "या भागातला बिबट्या वर्षभर मुख्यतः गावातल्या प्राण्यांवर जगतो." ती क्षणभर पडद्याकडे पाहत राहिली. मला वाटले, आता ही काहीतरी सारवासारव करणार. आपण सारेच करतो. पण ती म्हणाली, "पावसाळ्याचं मला माहीत नाही, काका. माझ्याजवळच्या सगळ्या विष्ठा ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांतल्या आहेत. 'वर्षभर' हा शब्द मी काढून टाकते." आणि तिने तो तेथल्या तेथे काढला.

श्रोतेहो, त्या दिवशीचे सगळ्यांत चांगले संशोधन ते होते असे मी मानतो. तिचा एक शब्द कमी झाला, पण जो निष्कर्ष उरला तो खणखणीत झाला. "माहीत नाही" म्हणण्यात कमीपणा नाही. माहीत नसताना माहीत असल्यासारखे बोलण्यात मात्र धोका आहे. आणि तो धोका कुणाला, तर बहुधा सभागृहात नसलेल्या माणसाला.

तो कसा, ते सांगण्याचे मी कबूल केले होते. पुणे जिल्ह्यातल्या जुन्नर भागात धरणे झाली, ऊस वाढला आणि उसात बिबटे राहू लागले. २००१ नंतर तेथे पुष्कळ बिबटे पिंजऱ्यात धरून दूर रानात सोडण्यात आले. हेतू चांगला होता. बिबट्या रानातला, तो रानात गेला म्हणजे प्रश्न मिटला, असे कुणालाही वाटेल. पण पुढे याचा हिशेब मांडला गेला आणि २०११ साली तो प्रसिद्ध झाला. त्याआधी त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे उचलून नेण्याचा क्रम सुरू झाल्यावर ते सरासरी १७ वर गेले. जेथे नेऊन सोडले त्या ठिकाणांच्या आसपासही हल्ले झाले. बिबट्याला आपली जागा, पाणी, वाटा ठाऊक असतात. अनोळखी मुलखात सोडलेले, धरपकडीने बिथरलेले जनावर माणसाच्या वाटेत येण्याचा संभव वाढतो. "बिबट्याची जागा रानातच" हे वाक्य सर्वांना इतके स्वयंसिद्ध वाटत होते, की "हे कशावरून?" असे विचारण्याचे फारसे कुणाला सुचलेच नाही. त्याची किंमत वाडीवस्तीवरच्या माणसांनी मोजली. जुन्नर-शिरूर भागात हा प्रश्न आजही संपलेला नाही. ज्या घरातले माणूस गेले, त्या घराला आकड्यांनी समाधान देता येत नाही, हे मी जाणतो. पण पुढचा निर्णय तरी अंदाजावर होऊ नये, एवढे आपण मागू शकतो.

विद्यार्थ्यांना आणखी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, चर्चासत्रात सारे उघड सांगावे, पण जनावराच्या गुहेचा किंवा घरट्याचा नेमका ठावठिकाणा चारचौघांत दाखवू नये. ऐकणाऱ्यांत कोण आहे, हे आपल्याला ठाऊक नसते. दुसरी, ज्या गावात राहून काम केले, त्या गावाला ते सांगून मगच निघावे. ज्यांच्या घरचा चहा घेतला, ज्यांनी वाटा दाखविल्या, त्यांच्यापुढे शाळेच्या ओट्यावर उभे राहून मराठीत सांगावे. तुम्हांला सांगतो, त्या वनरक्षकासारखे प्रश्न तेथेच निघतात. आणि शेतकरी बंधूंनो, असा कुणी अभ्यासक तुमच्या शिवारात आला, तर जाताना त्याला जरूर अडवा आणि विचारा, "काय सापडलं, आणि ते कशावरून?"

शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. हे सारे करण्यासाठी देहरादूनला जावे लागत नाही. तुमच्या शाळेपुढे वड असेल, पिंपळ असेल. एका मुलाला सांगा, आठ दिवस सकाळी अर्धा तास त्याखाली बस आणि कोणते पक्षी येतात ते वहीत लिही. मग शनिवारी त्याला वर्गापुढे पाच मिनिटे बोलू द्या. बाकीच्या मुलांनी तीनच प्रश्न विचारावयाचे. कोठे आणि केव्हा पाहिलेस? कसे मोजलेस? याला दुसरे काही कारण असू शकेल का? जो मुलगा "हे मी पाहिले नाही" असे उत्तर देईल, त्याला शाबासकी द्या. तो हरला असे वर्गाला वाटू देऊ नका. आपल्या शाळांत बरोबर उत्तराला गुण मिळतात. प्रामाणिक "माहीत नाही"ला कधी एखादा गुण द्यावयास काय हरकत आहे?

पारावरचे म्हातारे त्या गड्याला प्रश्न विचारीत होते ते त्याला खोटे पाडावे म्हणून नव्हे. ओढ्याकाठी खरोखर काय आहे, ते त्यांना कळावयास हवे होते, कारण उद्या सकाळी त्याच वाटेने त्यांची गुरे जाणार होती.